फोटोग्राफी क्लबात नवे आहात? आउटिंगपासून स्पर्धेच्या पडद्यापर्यंत

गावातला फोटोग्राफी क्लब शोधायचा तर आधी फोटो लॅबवाल्याला विचारा. बारा बाय अठराच्या प्रिंटा कोण काढून नेतं, कुणाचा प्रोजेक्टर कुठे लागतो, हे त्याला पाठ असतं. बहुतेक क्लबांचं काम तीन गोष्टींवर चालतं: महिन्यातून एखादं आउटिंग, फोटो दाखवून चर्चेची एक बैठक आणि महिन्याची किंवा तिमाहीची स्पर्धा. वर्षातून एकदा प्रदर्शन असतं, तेही बहुधा १९ ऑगस्टच्या आसपास. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये डॅगेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत जगापुढे खुली झाली, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन.

कॅमेऱ्याची काळजी करू नका, पुष्कळ क्लबांत मोबाईलचा वेगळा विभाग असतो. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. नवख्याची एन्ट्री फोटो वाईट म्हणून क्वचितच पडते. चुकीचा फोटो निवडलेला असतो, तो भलत्याच विभागात टाकलेला असतो, नाहीतर फाईल धड बनवलेली नसते. म्हणून इथे फोटो काढण्यापेक्षा काढून झाल्यानंतरच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

पहिल्या बैठकीला

पहिल्या वेळी पाच-सहा फोटो पेनड्राइव्हवर न्या, पन्नास नकोत. आपला फोटो पडद्यावर आला की त्यामागची हकिकत सांगायला लागू नका. "त्या दिवशी आभाळ भरलं होतं, आम्ही चार तास थांबलो" हे पडद्यावर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे मार्क नाहीत. आधी इतरांना बोलू द्या. नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे अडली, हे त्यांच्याकडून ऐकणं हाच या बैठकीचा फायदा. दुसऱ्याच्या फोटोवर बोलतानाही "मस्त" किंवा "जमलं नाही" यावर थांबू नका. "उजव्या कोपऱ्यातला पांढरा प्लास्टिकचा डबा डोळ्यात येतो" असं बोट ठेवून सांगा. लेन्स कोणती हा प्रश्न चहाच्या वेळी विचारावा.

आउटिंगची तयारी

मराठवाड्यात उन्हाचं गणित आधी मांडावं लागतं. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेआठ-नऊनंतर ऊन पांढरं पडतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली बसते. म्हणून क्लबची गाडी पहाटे निघते, आणि उशिरा आलेल्यासाठी ती थांबत नाही. सोबत दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड, हवा मारून धूळ उडवणारा ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, टोपी, किमान दोन लिटर पाणी आणि दोन-तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या ठेवा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. पुसत बसलात तरी ती पुन्हा येते. कॅमेरा बॅगेसकट दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग काढा.

वेरूळ आणि अजिंठा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दोन्हींची अदलाबदल करून बंद दारापाशी पोचणारे दरवर्षी निघतात. वेरूळच्या लेण्यांची तोंडं साधारण पश्चिमेला आहेत, त्यामुळे कैलासच्या दर्शनी भागावर प्रकाश दुपारनंतर येतो. सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत आणि वरचं आकाश जळालेलं, म्हणजे नुसतं पांढरं, असा फोटो मिळतो. अजिंठ्यात खासगी गाडी फर्दापूरच्या टी-जंक्शनला ठेवून पुढे बसने जायचं असतं, त्याचा वेळ वेगळा धरा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा हातातच काम भागवायचं: लेन्स एफ १.८ ते २.८ ला उघडी (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ३२००, शटर १/३० ते १/६० सेकंद. खांबाला टेकू नका. दोन्ही कोपरं छातीला लावा, श्वास सोडताना बटण दाबा आणि एकापाठोपाठ चार-पाच फ्रेम घ्या, त्यातली एखादी स्थिर निघते. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणं) ऑटोवर सोडला तर आतल्या दिव्यांमुळे एकाच भिंतीचा रंग दर फ्रेमला बदलतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये काढा, नाहीतर व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून टाका.

नाथसागर. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, रोहित (फ्लेमिंगो) त्यांत असतातच. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी डिसेंबरातही पाणी काठापर्यंत असतं आणि पक्षी लांब राहतात. पाणी उतरून चिखलाचा उथळ पट्टा उघडा पडला की ते जवळ येतात. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० किंवा त्याहून जलद ठेवा. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फसतो. त्याला सगळा देखावा काळोखा वाटतो, तो उजेड वाढवतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. एक्सपोजर (फोटोतला उजेड) पाऊण ते एक स्टॉप खाली घ्या; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. दाट धुक्यात याच्या उलट, पाऊण स्टॉप वर. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखलच येतो. बसा, जमलं तर पालथे पडा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की मागचं पाणी धूसर होऊन तो सुटा दिसतो. थव्यामागे धावून तो उठवू नका. घरट्यांचे फोटो तर काढूच नका. अनेक स्पर्धा ते थेट बाद करतात, आणि करायलाच हवेत.

सण आणि जत्रा. लातूर-धाराशिवकडची येळवस ही नवख्यासाठी उत्तम शाळा आहे. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं आणि पाहुण्याला आंबिलाशिवाय सोडत नाहीत. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा चालते तेव्हा आत अंधार आणि बाहेर रखरखीत ऊन असतं. समोरून काढलं तर चेहरे काळे पडतात. कोपीच्या तोंडाशी एका कडेला बसा, म्हणजे बाहेरचा प्रकाश चेहऱ्यावर आडवा येतो. एक्सपोजर चेहऱ्याला धरा आणि बाहेरचं शेत जळालं तर जळू द्या. आधी जेवा, मग कॅमेरा काढा. हा शिष्टाचार आहेच, शिवाय जेवणानंतर कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, तमाशाचे तंबू आणि भंडारा, सगळं एका जागी मिळतं. भंडाऱ्याची हळद फार बारीक असते. ती झूमच्या नळीत शिरली की फिरवताना करकर ऐकू येते, आणि मग दुरुस्तीशिवाय इलाज नसतो. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा, पुढे यूव्ही फिल्टर चढवा. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. परतल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. थेट कापड फिरवलंत तर हळदीबरोबरची माती काचेवर घासली जाते.

माणसांचे फोटो काढताना एक पथ्य पाळा. ऊसतोडीची टोळी, रस्त्यावर झोपलेला म्हातारा, उघडी पोरं हे विषय "दमदार" म्हणून नवख्यांना खुणावतात. विचारल्याशिवाय काढू नका, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या, आणि लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारा. काढलेला फोटो पुढच्या फेरीत प्रिंट करून नेऊन दिलात तर त्या गावात पुढच्या वेळी क्लबला घरचं माणूस समजतात. ड्रोनचं काम जाणत्यावर सोडा. धरणं, विमानतळ आणि संरक्षित वास्तू यांच्याभोवती परवानगीशिवाय तो उडवणं म्हणजे आपल्याबरोबर सगळ्या गटाला अडचणीत आणणं.

निवड

आउटिंगहून तीनशे-चारशे फ्रेम येतात. त्याच रात्री निवडायला बसलात तर जिथे सगळ्यात जास्त घाम गाळला तोच फोटो सगळ्यात चांगला वाटतो. आठवडाभर जाऊ द्या. मग पहिल्या फेरीत फक्त फोकस सुटलेले आणि हललेले काढा. डोळ्यांवर शंभर टक्के झूम करून बघा. दुसऱ्या फेरीत सगळे फोटो टपाल तिकिटाएवढे लहान करून बघा. इतक्या लहान आकारात विषय कळला नाही तर पडद्यावरही तो पटकन कळणार नाही, आणि परीक्षकाला पहिल्या फेरीत पाच ते दहा सेकंदच मिळतात. तिसऱ्या फेरीत एकसारख्या फ्रेममधली एकच ठेवा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण सात फ्लेमिंगोंचा मोह सुटत नाही. शेवटी उरलेले सहा-आठ फोटो घरातल्या अशा माणसाला दाखवा, जो तुमच्याबरोबर आला नव्हता.

कोणत्या विभागात टाकायचा

ओपन विभागात फारसं बंधन नसतं. मोनोक्रोममध्ये कृष्णधवल फोटो एकाच रंगाच्या छटेत, म्हणजे सेपियात वगैरे, पूर्ण रंगवलेला चालतो. पण काळ्यापांढऱ्या फोटोत एकट्या बाईची साडी लाल ठेवली की तो रंगीत विभागात जातो.

खरी मारामार नेचर विभागात होते. फियाप आणि पीएसए या आंतरराष्ट्रीय संस्थांची नेचरची व्याख्या आपल्याकडचे क्लबही साधारण मानतात. तिच्याप्रमाणे पाळीव जनावरं चालत नाहीत, लावलेली झाडं आणि बागेतली फुलं चालत नाहीत, माणसाच्या हातच्या वस्तू चालत नाहीत. म्हणजे पोळ्याचा बैल बाद, कुंडीतल्या गुलाबावरचं फुलपाखरू बाद, विजेच्या तारेवरचा नीलकंठही बहुधा बाद. सूट आहे ती मानवी वस्तू निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असेल तर, उदाहरणार्थ पडक्या वाड्याच्या कोनाड्यात राहणारं गव्हाणी घुबड. ज्वारीच्या रानातलं काळवीट ही सीमेवरची केस आहे. फ्रेमभर पीक दिसत असेल तर तो फोटो ओपनमध्ये टाकणं शहाणपणाचं.

याच विभागात फोटोतली वस्तू काढणं, घालणं किंवा हलवणं पूर्ण बंद आहे. क्रॉप चालतो. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके, नॉइज (फोटोतले दाणे) आणि उजेड-अंधार यांची दुरुस्ती चालते. मोबाईलमधल्या खोडरबराने मागची काडी पुसली तर तीही वस्तू काढल्यातच जमा. पहिल्या तीन क्रमांकांकडून मूळ रॉ किंवा कॅमेऱ्यातली मूळ जेपेग मागण्याची पद्धत आता वाढली आहे, तेव्हा पुसाल ते उघडं पडतं. एआयने बनवलेलं आकाश किंवा पक्षी तर स्पर्धेच्या कुठल्याच फोटो विभागात चालत नाही.

फाईल बनवणं

डिजिटल एन्ट्रीसाठी बहुतेक ठिकाणी रुंदी जास्तीत जास्त १९२० पिक्सेल, उंची जास्तीत जास्त १०८०, जेपेग, एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगव्यवस्था) आणि २ एमबीच्या आत अशी अट असते. आपल्या क्लबचं पत्रक वाचाच, पण क्रम हा ठेवा:

१. मूळ फाईलची कॉपी करा, मूळ फाईलला हात लावू नका.

२. क्षितिज सरळ करा. नाथसागराचं पाणी एका बाजूला सांडताना दिसलं की परीक्षक पुढचं काही बघत नाही.

३. शंभर टक्के झूमवर चारी कडांवरून एक फेरी मारा. अर्धी कापलेली चप्पल, फांदीचं टोक, पांढरी पिशवी, सगळा कचरा कडेलाच सापडतो. क्रॉपने जातो का बघा.

४. आकाशात धुळीचे गोल ठिपके शोधून काढा. एफ ११ च्या पुढे काढलेल्या फोटोंत ते हमखास असतात.

५. उजेड, काँट्रास्ट, रंग. सॅच्युरेशनची (रंगांच्या भडकपणाची) पट्टी हवी तिथे नेऊन ठेवा आणि मग तिला निम्मी मागे आणा.

६. आकार लहान करा. आडव्या फोटोत रुंदी १९२० केली की उंची तपासा: ३:२ प्रमाणात ती १२८० येते, म्हणजे १०८० ची मर्यादा ओलांडते. तेव्हा उंची १०८० धरा, रुंदी १६२० येईल. उभ्या फोटोची उंची १०८० आणि रुंदी ७२० होते. तो पडद्यावर लहानच दिसतो, म्हणून बारीक तपशीलावर अवलंबून असलेला उभा फोटो डिजिटलऐवजी प्रिंट विभागात जास्त खुलतो.

७. शार्पनिंग आकार लहान केल्यानंतर. आधी केलंत तर ते वाया जातं किंवा कडांना पांढऱ्या रेघा येतात.

८. एसआरजीबीत रूपांतर करा. फाईल अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगव्यवस्थेत राहिली तर क्लबच्या लॅपटॉपवर रंग फिके आणि मातकट दिसतात, आणि घरी ते चांगले दिसत होते म्हणून भांडण होतं.

९. जेपेग ८५ ते ९० टक्के दर्जावर सेव्ह करा. नाव, वॉटरमार्क, लोगो काही नको. परीक्षकाला नाव कळलं तर एन्ट्री बाद. चौकट घालायचीच तर दोन पिक्सेलची. जाड सोनेरी चौकटीने नाकापेक्षा मोती जड होतो.

१०. फाईलचं नाव पत्रकात दिलेल्या नमुन्याप्रमाणे, रोमन अक्षरांत. मराठी नावांचे काही संगणकांवर चौकोन होतात.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका. त्यात तो दाबून लहान होतो. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि लिंक दुसऱ्या फोनवर उघडते का ते बघा. परवानगी न दिलेली लिंक पाठवून निर्धास्त झोपणारे कमी नाहीत.

शीर्षकात विषय किंवा ठिकाण सांगा. "आशेचा किरण", "एकटी वाट", "जीवनसंघर्ष" ही शीर्षकं एकाच स्पर्धेत तीन-तीनदा येतात.

परीक्षणाच्या दिवशी

साधारण तीन परीक्षक, दहापैकी मार्क, तिघांची बेरीज. पहिल्या फेरीत फोटो भराभर जातात, ठरावीक बेरजेच्या वरचे पुन्हा लागतात, मग चर्चा. प्रोजेक्टर घरच्या स्क्रीनपेक्षा बहुधा अंधार दाखवतो आणि सावल्या गिळतो, म्हणून काळ्या भागातला महत्त्वाचा तपशील फाईल बनवतानाच किंचित उघडा. शक्य असेल तर एका बैठकीत क्लबच्याच प्रोजेक्टरवर आपली फाईल लावून बघा.

पडलेला फोटो पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षकांपुढे पहिला येऊ शकतो, येतोही. पण तिघांनीही तेच बोट ठेवलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. निकालानंतर परीक्षकाला "माझा का नाही आला" असं न विचारता "यात काय टाळलं असतं तर आला असता" असं विचारा. मग तो दहा मिनिटं बोलतो.

प्रिंट आणि प्रदर्शन

बारा बाय अठरा इंचांची प्रिंट तीनशे पीपीआयला (एका इंचात तीनशे पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल मागते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते बसतं, फार क्रॉप केला नसेल तर. मोबाईलच्या १२ मेगापिक्सेल फोटोचं प्रमाण ४:३ असतं, त्यामुळे बारा बाय अठरात तो वरून किंवा खालून कापला जातो. बारा बाय सोळा काढा, अडीचशे पीपीआय मिळतात आणि ते पुरतात.

लॅबला "करेक्शन करू नका" असं लिहून द्या, नाहीतर ऑपरेटर धुक्यातला गोदाकाठही लख्ख करून देतो. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये काळपट येतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, चार बाय सहाची एक चाचणी प्रिंट काढा, ती दिवसाच्या उजेडात बघा, मगच मोठी सांगा. भिंतीवर लावायला मॅट कागद बरा; चकचकीत कागदात सभागृहाच्या ट्यूबलाइट दिसतात.

माउंट करताना फेव्हिकॉल लावू नका, त्यातल्या पाण्याने कागदाला लाटा येतात. माउंट बोर्डवर प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टेपने टांगा आणि खालची बाजू मोकळी सोडा. हवा दमट-कोरडी झाली की कागद आणि बोर्ड वेगवेगळे फुगतात, चारी बाजू चिकटवल्या तर मध्ये पोट येतं. वरून खिडकी कापलेला बोर्ड लावणार असाल तर खिडकी प्रिंटपेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर लहान कापा. मागे नाव, शीर्षक, विभाग आणि वरची बाजू दाखवणारा बाण. पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. उन्हाळ्यात प्रिंटा गाडीच्या डिकीत ठेवू नका, एकमेकींना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला.

सॅलॉन

क्लबच्या स्पर्धांत वर्षभर हात बसला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सॅलॉनकडे, म्हणजे मोठ्या फोटो स्पर्धांकडे वळा. भारतातली शिखर संस्था फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी, स्थापना १९५३. आंतरराष्ट्रीय मान्यता फियाप किंवा पीएसएची. फी भरण्याआधी पत्रकावर यांचा मान्यता क्रमांक आहे का ते पाहा. भरघोस बक्षिसांची जाहिरात आणि क्रमांक नाही, अशा ठिकाणी पैसे घालू नका. एका विभागात साधारण चार फोटो जातात. चारही एकाच जातीचे पाठवण्यापेक्षा वेगवेगळे पाठवा.

एक वही किंवा एक्सेलची शीट सुरू करा: फोटो, शीर्षक, सॅलॉन, विभाग, निकाल. फियापच्या नियमाप्रमाणे एका फोटोचं शीर्षक सगळीकडे एकच हवं, आणि तोच फोटो रंगीत व कृष्णधवल असा दोनदा वेगळा म्हणून चालत नाही. एकदा "पैठण १" म्हणून गेलेला फोटो पुढे "सकाळचा थवा" झाला तर पुढे फियापच्या मानाच्या किताबासाठी अर्ज करताना तेच आडवं येतं. मूळ रॉ फाईली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवू नका.